पंचायतीतल्या महिलांसाठी देहबोलीचं शिबिर: खुर्च्यांचं सत्र चुकवू नका

ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायांसाठी तालुक्याच्या गावी भरणारं हे दोन दिवसांचं शिबिर. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा 2011 पासून महिलांना आहेत. तरी मासिक सभेत शब्द कोणाचा चालतो, हे बसण्यावर आणि नजरेवर बरंच ठरतं.

सगळ्यात मोलाचं सत्र खुर्च्यांचं. टेबलाच्या टोकाला सरपंचताई, शेजारी सचिव, दाराजवळ ताईंचे यजमान. सचिव हिशेब सांगतो दाराकडे बघून. मग सदस्यांच्या मानाही तिकडेच वळतात आणि सभा ताईंच्या हातून जाते. उपाय प्रत्यक्ष करून घेतात: सचिवाची खुर्ची ताईंच्या समोर, इतिवृत्ताचं रजिस्टर ताईंपुढे, आणि यजमानांची खुर्ची मांडायचीच नाही. सभा सदस्यांची आहे.

नजरेचा सरावही पक्का. वजनदार माणूस स्वतः बोलताना समोरच्याकडे बघतो, ऐकताना तेवढं बघत नाही. दबलेल्याचं उलटं होतं. म्हणून एक वाक्य एकाच चेहऱ्याकडे बघून पुरं करायचं, मगच नजर हलवायची. शेवटच्या शब्दाला नजर खाली गेली की ठराव मांडला तरी विनवणी वाटते.

पदराबद्दलचा सल्ला मात्र पटला नाही. सभेत सासरे, भासरे बसलेले असताना "डोक्यावरचा पदर काढा" म्हणणं सोपं आहे. पदर राहू द्या, पिन लावा. सारखा सावरावा लागला तर एक हात त्यातच गुंततो, कागद दाखवायला हात उरत नाही.

कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहायचं सत्र गाळा. ऐसपैस बसण्या-उभं राहण्यानं जोर येतो आणि हार्मोन्सही बदलतात, असं सांगणारा त्यामागचा 2010 चा प्रयोग 42 जणांवरचा होता. 2015 मध्ये 200 जणांवर तो पुन्हा केला, तेव्हा जोर आल्यासारखं वाटलं खरं, पण हार्मोन्समध्ये फरक दिसला नाही. "93 टक्के संवाद शब्दांविना होतो" हेही शिकवू नये. हा आकडा ज्यांवरून आला ते मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांचे 1967 चे प्रयोग सुट्या शब्दांतून भावना कशी कळते एवढ्यापुरते होते. वित्त आयोगाच्या निधीचा हिशेब मागताना आकडाच तोंडपाठ लागतो.

मोठी उणीव: सगळा सराव खुर्चीवरचा. ग्रामसभा देवळापुढे भरते तेव्हा बाया मागं सतरंजीवर असतात. तिथं आधी उभं राहायचं, माना वळेपर्यंत थांबायचं, मग बोलायचं, हे शिकवायलाच हवं होतं.

नाव नोंदवताना एकाच पंचायतीतल्या दोघी जा. एक बोलत असताना दुसरीनं तिच्याकडे बघत राहिलं की बाकीच्यांच्या नजराही तिकडे वळतात.