फायटिंग गेमला कीबोर्ड? बिनधास्त!

स्ट्रीट फायटर ६ साठी महागडी आर्केड स्टिक (दांडा आणि मोठी बटणं असलेला कंट्रोलर) घ्यायच्या आधी घरातला मेकॅनिकल कीबोर्ड वापरून बघाच, मला तर स्टिकपेक्षा हाच जास्त आवडलाय. ए-डी वर मागे-पुढे, एस खाली आणि जंप स्पेसबारवर, हिटबॉक्सला (दांड्याऐवजी नुसती बटणं असलेला कंट्रोलर) पण जंप अंगठ्यालाच असतो ना, तसंच सेटिंग करायचं. गाइल या फायटरचा सोनिक बूम (लांबून फेकायचा हल्ला) म्हणजे ए धरून ठेवायचा, मग तो सोडून लगेच डी आणि पंच, इतका क्लीन निघतो की बास! हाडोकेनला (र्यू या फायटरचा ऊर्जेचा गोळा) एस, मग एस-डी दोन्ही, मग एस सोडून पंच, सवय होईपर्यंत जरा चिडचिड होते. झँगीफ या फायटरचा ३६० (दिशा पूर्ण गोल फिरवून करायचा डाव) मात्र मला अजून स्टिकवरच सोपा जातो. आणि साधा ऑफिसवाला कीबोर्ड नकोच, तीन-चार कीज एकदम दाबल्या की एखादी गिळतो, एन-की रोलओव्हर (कितीही कीज एकदम दाबल्या तरी सगळ्या नोंदवणारं फीचर) बघूनच घ्या.