स्टेम सेल प्रत्यारोपणापूर्वीचे समुपदेशन: एका सेवेचा अभिप्राय

माझ्या थोरल्या भावावर मायलोमासाठी, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कर्करोगासाठी, स्वतःच्याच स्टेम सेलचे (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचे) प्रत्यारोपण झाले. दाखल होण्याआधी रुग्णालयाच्या प्रत्यारोपण विभागाने रुग्ण आणि त्याच्यासोबत राहणारी व्यक्ती अशा दोघांना बसवून पूर्वतयारीचे समुपदेशन केले, त्याविषयी हा अभिप्राय आहे. सामानाची छापील यादी मिळालीच. पण समन्वयक परिचारिकेने त्या यादीतल्या प्रत्येक ओळीमागचे कारण समजावून सांगितले आणि या सेवेचे खरे मोल मला त्यातच वाटते.

समोरून बटणे असलेले सैल सदरे आणायचे, कारण औषधे आणि रक्त देण्यासाठी छातीत बसवलेली नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, परिचारिकांना सहज हाताळता आली पाहिजे. पात्याचा वस्तरा घरीच ठेवायचा आणि दात घासण्याचा ब्रश अतिशय मऊ घ्यायचा, कारण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घसरल्यावर लहानशा जखमेतले रक्तही लवकर थांबत नाही. भेटायला येणाऱ्यांनी फुले आणू नयेत, कारण ताजी फुले आणि कुंड्यांतली माती यांत बुरशी आणि जिवाणू असतात. खोलीतली हवा 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणाऱ्या फिल्टरमधून येते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवलेला असतो, हे कळल्यावर दार उगीच उघडे ठेवू नका असे कोणाला दोनदा सांगावे लागले नाही.

सर्वांत उपयोगी ठरली ती दिवसांची मांडणी. प्रत्यारोपण म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, असा आमच्या घरात सर्वांचा समज होता. प्रत्यक्षात आधी काढून गोठवून ठेवलेल्या पेशी रक्त चढवावे तशा लाइनमधून दिल्या जातात. तो शून्य दिवस, त्याआधीचे दिवस उणे आणि नंतरचे अधिक. पेशी टिकवणाऱ्या द्रव्यामुळे रुग्णाच्या श्वासाला एक-दोन दिवस उग्र वास येतो, हेही आधीच सांगितलेले असल्याने आम्ही घाबरलो नाही. खरा कठीण काळ त्यानंतरचा असतो, जेव्हा पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात आणि तोंड सोलवटते. पेशी देण्याआधीचे मेल्फलान हे केमोथेरपीचे औषध चालू असताना बर्फ चघळत राहिल्यास तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तेथे कमी पोहोचते आणि फोडांचा त्रास घटतो. मात्र तितका वेळ बर्फ तोंडात धरणे सोपे नसते, हे परिचारिकेने लपवले नाही. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस दर मायक्रोलिटर रक्तात 500 च्या वर राहिल्या की पेशी रुजल्या असे मानतात आणि स्वतःच्या पेशी असतील तर त्याला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. या एका माहितीमुळे रोजचा रक्ताचा अहवाल आम्हाला धीराने वाचता आला.

उणिवा मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. हे समुपदेशन दाखल होण्याच्या अगदी तोंडावर ठेवले होते. दातांच्या मुळाशी संसर्ग निघाला तर दात काढून जखम भरायला वेळ लागतो आणि तरुण रुग्णाला पुढे मूल हवे असेल तर शुक्राणू किंवा स्त्रीबीजे जतन करण्याचा निर्णय तीव्र केमोथेरपीपूर्वीच घ्यावा लागतो. म्हणून हे बोलणे कितीतरी आधी व्हायला हवे. रुग्णासोबत राहणाऱ्या व्यक्तीची झोप, तिच्या जागी आलटून पालटून कोण राहणार आणि तिला सर्दी झाली तर काय, याला पुरेसा वेळ मिळाला नाही. घरी परतल्यानंतरच्या काळाची तर केवळ धावती ओळख झाली: लहानपणी घेतलेल्या लशींचे संरक्षण ओसरते आणि त्या पुन्हा घ्याव्या लागतात, ही मोठी बाब एका वाक्यात संपली. ताप 38 अंश सेल्सिअसपर्यंत चढला तर मध्यरात्रीही वाट न पाहता विभागाला कळवायचे असते. ही सूचना विभागाच्या दूरध्वनी क्रमांकासह वेगळ्या कागदावर, ठळक अक्षरांत, पहिल्याच भेटीत द्यावी, अशी माझी या विभागाला मनापासून विनंती आहे.