व्हिक्टिम कॉन्टॅक्ट स्कीम, इंग्लंड-वेल्स : पाचपैकी साडेतीन तारे

हॅरोतल्या आमच्या दुकानात गल्ला लुटताना एकाने ह्यांच्या पोटात सुरा खुपसला. शिक्षा झाली ९ वर्षं कैद, वर ३ वर्षं देखरेख. अशा शिक्षेत दोन तृतीयांश कैद, म्हणजे ६ वर्षं भरली की माणूस पॅरोल बोर्डापुढे येतो; त्याला सोडायचं का ते हे बोर्ड ठरवतं.

हिंसक किंवा लैंगिक गुन्ह्यात १२ महिने किंवा जास्त शिक्षा झाली की ही स्कीम मिळते; म्हणजे गुन्हेगाराच्या सुटकेबद्दल पीडितांना कळवत राहायची सरकारी सोय. फुकट आहे, पण आपण हो म्हणावं लागतं. मग आपल्याला माहिती देणारी एक लिएझन ऑफिसर मिळते. आमची बाई फोन उचलायची, हेच मोठं. तो कुठल्या तुरुंगात आहे ते सांगत नाहीत, विचारत बसू नका.

बोर्डासाठी निवेदन देता येतं. त्यात ‘याला सोडू नका’ लिहायचं नाही; माझ्या पहिल्या मसुद्यात ते तीनदा होतं. आपल्यावर काय बेतलं तेवढंच लिहायचं. शटर ओढताना अजून हात कापतो, ह्यांना उजव्या कुशीवर झोपवत नाही. मी मराठीत लिहिलं, आणि ‘काळजात चर्र होतं’चं इंग्रजी करताना लेक रडकुंडीला आली. ऑफिसरही वाचून दाखवते, पण मी स्वतः व्हिडिओवर वाचलं. एप्रिल २०२५ पासून सुनावणी बघायचीही परवानगी मागता येते. ह्यांना बघायची होती. त्या माणसाचं बालपण तासभर ऐकायची माझी तयारी नव्हती.

आता खरं ते सांगते. बोर्ड फक्त बघतं की हा सुटला तर लोकांना धोका आहे का. आपलं ऐकतात, निकाल त्यावर लागत नाही. दीड तारा तिथे गेला.

म्हणून जोर लावा अटींवर. संपर्क करायचा नाही, अमुक भागात यायचं नाही, या अटी मागता येतात. मी घर आणि दुकान मागितलं. डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळही घालणार होते. पण वर्षातून चारदा जाता तेवढ्यासाठी मागू नका, मागणी गरजेपुरतीच हवी, असं बाईच म्हणाली. ऐकलं.

तो सुटला. अटी दोन्ही मिळाल्या. निकालाचा सारांश मागून घ्या. फेरविचारासाठी २१ दिवसच असतात. आम्ही घर बदललं ते मी कळवलं नव्हतं, त्यामुळे निकालाचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. चूक माझीच.