लाकडावरची बंद शेगडी: एका अख्ख्या हिवाळ्यानंतर

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शेगडी पेटवली आणि एप्रिल सरता सरता शेवटची राख काढली. घेण्याआधी या शेगड्यांबद्दल मी जे वाचलं होतं, ते बहुतेक पहिल्या पंधरा दिवसांतलं होतं. काचेतून ज्वाळा किती सुंदर दिसतात, खोली किती लवकर तापते, वगैरे. जानेवारीत बाहेर उणे २५ असताना पहाटे चार वाजता काय होतं, ते कुणीच लिहिलं नव्हतं. ते मी लिहिते.

आधी घराबद्दल. वस्तीपासून जरा लांब, शेताच्या कडेला असलेलं जुनं दुमजली घर. खाली स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, त्यामागे सासूबाईंची खोली, वर आम्ही तिघं. हिवाळ्यात रात्री उणे १५ हे नेहमीचंच, त्याखाली गेलेल्या रात्रीही पुष्कळ. बर्फाच्या वादळात वीज जाते आणि रस्ता मोकळा होईपर्यंत दुरुस्तीला कुणी पोचत नाही. आधी विजेचे हीटर होते आणि भिंतीत एक उघडी फायरप्लेस होती. त्या उघड्या विस्तवाची बहुतेक धग धुराड्यातून आभाळात जाते, आणि जाताना खोलीतली तापलेली हवाही ओढून नेते. समोर बसलं की तोंड भाजायचं आणि पाठ गारठायची.

नवी शेगडी ७ किलोवॉटची. पोलादी अंग, बिडाचं दार, दाराला उष्णता सोसणारी काच, आत अग्निविटांचं अस्तर. हवेला दोन वाटा आहेत: एक खालून विस्तवाला, दुसरी वरून, काचेला घासत खाली येणारी. लाकूड तापलं की आधी त्यातून जळाऊ वायू सुटतात, आणि वरच्या हवेने ते वायू जळतात. ते जळले तर उष्णता घरात, नाही जळले तर धूर होऊन धुराड्यात. सगळी मेख इथेच आहे. नीट वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण चार युनिट उष्णता असते, त्यातली तीनेक युनिटं अशी शेगडी खोलीला देते. म्हणजे पूर्ण ताकदीने तासभर चालवायची तर सव्वादोन किलोच्या आसपास लाकूड लागतं. आमचं रोजचं सरासरी २५ किलो गेलं. सगळ्या हंगामात रचलेलं नऊ घनमीटर लाकूड संपलं.

आता खरं सांगते. पहिले दोन महिने मला ही शेगडी अजिबात आवडली नाही. फसवणूक झाली असंच वाटत होतं. पेटायला अर्धा तास, पेटली तरी ज्वाळा मंद, ओंडक्यांच्या टोकांतून पाणी फसफसायचं, काच दुसऱ्या दिवशी काळीकुट्ट. खोली १६ अंशांच्या वर जाईना. नवरा कामासाठी आठवड्यातले पाच दिवस बाहेर, त्यामुळे शेगडी माझ्याच हाती. मी हवा कमी-जास्त करून पाहिली, दार किलकिलं ठेवून पाहिलं, विकणाऱ्याला तीनदा फोन केला. त्याचं एकच उत्तर, "लाकूड वाळलेलं आहे ना?" मी म्हणायची, हो, "वाळलेलं" म्हणूनच तर विकत घेतलंय.

नोव्हेंबरच्या शेवटी शेजारचे आजोबा आले. शेगडीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, थेट लाकडाच्या राशीकडे गेले. दोन ढलप्या उचलून एकमेकींवर आपटल्या. भद्द असा आवाज आला. मग स्वतःच्या राशीतल्या दोन आणून आपटल्या, तर टणकन वाजल्या. वाळलेलं लाकूड बोलतं, म्हणाले, तुमचं मुकं आहे. त्याच आठवड्यात मी ओलावा मोजायचा छोटा मीटर मागवला. त्याच्या दोन सुया लाकडात खुपसायच्या असतात, पण बाहेरून नाही. ढलपी तिथल्या तिथे फोडायची आणि आतल्या ताज्या बाजूवर मोजायचं. बाहेरून १८ दाखवणारं आमचं लाकूड आतून ३४ टक्के निघालं. हवं २० च्या खाली. वरचं सगळं पाणी आधी वाफ होऊन जावं लागतं, आणि त्या वाफेला लागणारी उष्णता आपल्याच विस्तवातून जाते. मी शेगडीला दोष देत होते आणि ती बिचारी माझं पाणी उकळत होती.

आजोबांनी त्यांचं दोन वर्षं मुरलेलं थोडं लाकूड उसनं दिलं. तीच शेगडी, तेच धुराडं. वीस मिनिटांत खोली २१ अंशांवर. त्या संध्याकाळी सासूबाईंनी कितीतरी आठवड्यांनी स्वेटर काढून ठेवला. मला अक्षरशः रडू आलं.

तेव्हा या शरदात शेगडी घ्यायच्या विचारात असाल, तर आधी लाकूड बघा. कठीण लाकूड फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवून वाळायला एक ते दोन वर्षं लागतात. पूर्ण ताडपत्रीत गुंडाळलं तर आतच कुजतं. अख्खे ओंडके तर वाळतच नाहीत म्हटलं तरी चालेल, कारण सालीतून पाणी फारसं बाहेर पडत नाही. आणि पाइनचं लाकूड धुराडं खराब करतं, हे मी इतक्यांदा ऐकलं की खरं मानून बसले होते. धुराडं खराब करतो तो ओलावा आणि कोंडलेला विस्तव. नीट वाळलेलं पाइन आम्ही सकाळी पेटवायला रोज वापरलं. ते झटकन धरतं आणि झटकन संपतं, एवढाच काय तो फरक.

पेटवायची पद्धतही बदलावी लागली. मी आयुष्यभर खाली चिपाड आणि वर लाकूड अशीच रचना करत आले. इथे उलट: खाली जाड ढलप्या, त्यावर बारीक, सगळ्यात वर काटक्या, आणि काडी वरून लावायची. विस्तव वरून खाली उतरतो. खालून सुटणारे वायू वरच्या ज्वाळेतून जाताना जळतात, त्यामुळे सुरुवातीचा धूर खूपच कमी होतो. पहिल्यांदा हात वळत नाही, पण आता मी दुसऱ्या कुठल्या पद्धतीने पेटवूच शकत नाही.

रात्रभर विस्तव राखायच्या मोहाबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. शेगडी ठासून भरायची, हवा बंद करायची आणि झोपायचं, असं डिसेंबरभर मी करत होते. सकाळी निखारे मिळायचे, मला फार हुशारी केल्यासारखं वाटायचं. पण हवा नसलेलं लाकूड जळत नाही, धुमसतं. तो न जळलेला धूर धुराड्याच्या थंड भागात गेला, साधारण १२० अंशांच्या खाली आला, की आतल्या बाजूला डांबरासारखा थर धरतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. हा थर पुढे कधीतरी पेट घेतो, आणि धुराड्यातल्या आगीचं तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकतं. जानेवारीच्या सुरुवातीला धुराडं साफ करणाऱ्याला बोलावलं, तर ब्रशबरोबर काळे चकचकीत पापुद्रे पडले. मी घाबरले. त्या दिवसापासून धुराड्याच्या नळीवर लावायचा तापमापक घेतला आणि नियम ठरवला: प्रत्येक भर आधी चांगली धडधडून पेटू द्यायची, मगच हवा थोडी कमी करायची, कधीही पूर्ण बंद नाही.

एवढं होऊनही खरी वेळ आली ती जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. रात्री दोनला कार्बन मोनॉक्साइडचा गजर वाजला. खोलीत धूर नव्हता, वास नव्हता. शेगडीत फक्त लाल निखारे. दिसायला सगळं शांत, आणि नेमकं तेव्हाच हा वायू जास्त तयार होत असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. मी मुलाला उचललं, सासूबाईंना रजईसकट उठवलं. "आई, आत्ता काही विचारू नका, चला," एवढंच म्हणाले. दारं सताड उघडी टाकून आम्ही आजोबांकडे गेलो. बाहेर उणे १८ होतं. सासूबाईंचं डोकं दुखत होतं, मुलाला मळमळत होतं. मोकळ्या हवेत तासाभरात दोघं सावरले, तरी सकाळी डॉक्टरांकडे जाऊन तपासून घेतलं.

कारण क्षुल्लक निघालं. धुराड्याच्या टोपीला, पक्षी आत जाऊ नयेत म्हणून, बसवणाऱ्याने बारीक जाळी लावली होती. डिसेंबरभराच्या धुमसण्याची काजळी तिच्यात बसली होती. खालून नळी साफ झाली, पण वरची जाळी कुणी पाहिलीच नाही. निखाऱ्यांच्या वेळी धुराड्याची धूर वर खेचणारी ओढ मुळातच कमी, त्यात वरून तोंड बुजलेलं. शेगडी बसवणाऱ्यावर मला आजही राग आहे, आणि त्याला तसं मी स्पष्ट सांगितलं. आता मोठ्या भोकांची जाळी आहे आणि महिन्यातून एकदा मी ती खालून दुर्बिणीने बघते. गजर एक होता, आता दोन आहेत. दुसरा सासूबाईंच्या खोलीत, आणि दर रविवारी दोन्हींचं बटण दाबून तपासायचं काम मुलाचं. गजर घेतल्याशिवाय ही शेगडी पेटवू नका. यावर मी कुणाचंही काही ऐकून घेणार नाही.

फेब्रुवारीत वीज सलग तीन दिवस नव्हती, आणि त्या तीन दिवसांत मी या शेगडीची सगळी उणीदुणी माफ केली. तिला वीज लागत नाही, पंखा नाही, पंप नाही. आम्ही सगळे खालच्या खोलीत गाद्या घालून झोपलो, जिन्याला जाड पडदा लावला. पाणी शेगडीवरच तापवलं. काळजी होती ती नळांची. पाणी गोठताना ९ टक्क्यांच्या आसपास फुगतं आणि पाइप फाडतं. उत्तरेच्या भिंतीतला नळ आम्ही बारीक धारेने चालू ठेवला आणि मोरीखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवली, म्हणजे खोलीची ऊब पाइपपर्यंत पोचेल. एकही पाइप फुटला नाही.

उणिवा आहेतच. ऊब सगळीकडे सारखी जात नाही. बैठकीत २२ असताना सासूबाईंच्या खोलीत १३. आम्ही आधी गरम हवा तिकडे ढकलायला पंखा लावला, उपयोग शून्य. मग उलट केलं: छोटा पंखा त्यांच्या खोलीत जमिनीवर, तोंड शेगडीकडे. गार हवा खालून इकडे आली की तिची जागा घ्यायला गरम हवा वरून आपोआप तिकडे जाते. चार अंशांचा फरक पडला.

दुसरं, हवा भयंकर कोरडी होते. दोष शेगडीचा नाही, थंडीचा. उणे २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जेमतेम एक ग्रॅम बाष्प मावतं, आणि तीच हवा २० अंशांपर्यंत तापवली तर तिला सतरा ग्रॅमची जागा असते. ओठ फुटणं, मुलाच्या नाकातून रक्त येणं, सगळं झालं. शेगडीवर रुंद तोंडाचं पातेलं सतत ठेवलं, धुतलेले कपडे त्याच खोलीत वाळत घातले, तेव्हा कुठे बरं वाटलं.

तिसरं, पोलाद लवकर तापतं तसं लवकर निवतंही. विस्तव विझल्यावर दोन तासांत खोली उतरायला लागते. रशियात आणि स्वीडनमध्ये पूर्वापार जाड विटांच्या, दगडी शेगड्या आहेत. त्या दिवसातून एकदा-दोनदा सपाटून पेटवायच्या आणि पुढे दिवसभर भिंतीच ऊब सोडत राहतात. स्वीडनमध्ये तर लाकूड कमी पडायला लागलं म्हणून १७६७ मध्ये अशा शेगडीचा सुधारित नमुना मुद्दाम तयार करून घेतला होता. धूर आत वर-खाली वळसे घेत जातो आणि जाता जाता विटा तापवतो. घर नव्याने बांधत असते तर मी तशीच बांधून घेतली असती. आता पर्याय म्हणून शेगडीमागे, अंतराचा नियम पाळून, विटांची एक भिंत उभी केली आहे. पहाटेपर्यंत ती कोमट राहते.

राखेबद्दल एकच. ती मेलेली दिसते, पण आतला निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहू शकतो. झाकणाचा पत्र्याचा डबा, आणि तो बाहेर, दगडावर. काच मात्र राखेनेच साफ होते. ओला वर्तमानपत्राचा बोळा राखेत बुडवायचा आणि घासायचं.

पाचपैकी चार देते. एक गुण शेगडीसोबतच्या पुस्तिकेचा कापला, कारण ओलाव्याबद्दल तिच्यात एक ओळ आहे आणि काचेच्या देखण्या रूपाबद्दल दोन पानं.

आता मे आहे. पुढच्या हिवाळ्याचं लाकूड आजोबांनी गेल्या वर्षी फोडून ठेवलेल्यातलंच घेतलं, आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्याचं आम्ही मार्चमध्ये फोडून गोठ्यामागे रचलंय. सासूबाई रोज संध्याकाळी त्या राशीपाशी थांबतात, दोन ढलप्या उचलून एकमेकींवर वाजवतात आणि कान देतात. परवा मी मीटर लावला, २९ आकडा आला. त्यांना दाखवायला गेले तर म्हणाल्या, "मला माहितीये गं, अजून बोलत नाही ते."