पीएस२ स्लिमवर जुने आरपीजी: बेळगाव भागात काही महिने वापरल्यानंतर

पीएस२ स्लिमवर (प्लेस्टेशन २ च्या पातळ मॉडेलवर) जुने जपानी आरपीजी (पात्रांची ताकद वाढवत कथा पुढे नेण्याचे गेम) खेळायचे असतील, तर आपल्या भागात गेम निवडताना आधी एक गोष्ट बघावी: सेव्ह कुठे करता येतो आणि दोन सेव्हच्या मध्ये किती वेळ जातो. कथा, संगीत, ग्राफिक्स यांवर वर्षानुवर्षं वाद चालू आहेत आणि ते चालू राहावेत. पण खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या खेड्यात रात्री साडेआठला लाईट गेली की पाऊण तासाची लढाई एका क्षणात पुसली जाते. काही महिन्यांच्या वापरानंतर याच गेमबद्दलची मतं बरीच बदलली आहेत.

आधी मशीन. स्लिममध्येही फरक आहेत आणि सेकंडहँड घेताना खालचं स्टिकर वाचूनच घ्यावं. एससीपीएच-७०००० मालिका पीएस१ च्या डिस्क सर्वांत बिनचूक चालवते. ७५००० पासून आतली आय/ओ चिप बदलली, जुन्या चिपचं काम नवी चिप नक्कल करून करते, त्यामुळे काही पीएस१ गेम अडखळतात. ९०००० मध्ये पॉवर सप्लाय आतच आहे, बाहेरचा ८.५ व्होल्टचा अडॅप्टर सांभाळावा लागत नाही. ७०००० ची कमजोरी म्हणजे लेन्सची कॉइल जळते. म्हणून घेण्याआधी एक पीएस१ ची काळी सीडी, एक निळी सीडी आणि एक चंदेरी डीव्हीडी, तिन्ही लावून बघा. सीडी चालते पण डीव्हीडी चालत नाही (किंवा उलट), असं झालं तर लेन्स थकलेली आहे. चालू करताना दर वेळी तारीख-वेळ विचारत असेल तर फक्त सीआर२०३२ सेल संपलेला असतो, त्यावरून किंमत पाडून मागायला हरकत नाही.

पीएस१ चे गेम लावल्यावर एक सेटिंग बहुतेकांना माहीत नसतं. डिस्क न घालता मशीन चालू करा, मुख्य मेनूत त्रिकोण दाबून व्हर्जनची माहिती उघडा, ‘प्लेस्टेशन ड्रायव्हर’वर जाऊन पुन्हा त्रिकोण दाबा. तिथे डिस्क स्पीड ‘फास्ट’ करता येतो. मशीन बंद केलं की हे पुन्हा ‘स्टँडर्ड’ होतं, म्हणजे दर वेळी करावं लागतं. काही गेम या वेगाला अडकतात. तसं झालं तर स्टँडर्डवर परत या.

आता पाल. आपल्याकडे विकलं गेलेलं मशीन पाल, म्हणजे युरोपातल्यासारख्या ५० हर्ट्झच्या टीव्ही पद्धतीचं. जे जुने गेम ६० हर्ट्झसाठी बनवून नंतर पालमध्ये आणले, ते सुमारे १७ टक्के हळू चालतात आणि वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. ‘फायनल फँटसी ७’ मध्ये हे सहन होतं. ‘फायनल फँटसी ९’ मध्ये होत नाही. त्यातल्या लढाया मुळातच संथ, प्रत्येक लढाईआधी कॅमेरा फिरत लोडिंग चालतं, त्यात ही १७ टक्क्यांची भर. एक्सकॅलिबर २ ही तलवार मिळवायला १२ तासांच्या आत मेमोरियापर्यंत पोचावं लागतं. घड्याळ खऱ्या वेळेने पुढे जातं आणि गेम हळू चालतो, त्यामुळे पालवर ती जवळपास हाताबाहेर जाते. तिचा नाद सोडून खेळावं. नवव्या भागाची पात्रं, विशेषतः विवी, घाईघाईत उरकण्यासारखी नाहीत.

पालची दुसरी अडचण म्हणजे काही गेम युरोपात आलेच नाहीत. झेनोगियर्स, क्रोनो क्रॉस, पीएस१ वरचा क्रोनो ट्रिगर आणि पहिला फायनल फँटसी टॅक्टिक्स यांच्या अमेरिकन डिस्क आपल्या मशीनवर तशाच चालत नाहीत. परदेशी डिस्क चालू देणारी चिप बसवलेलं मशीन सापडलं तर चालतात, पण मग टीव्ही मल्टी-सिस्टिम (पाल आणि अमेरिकन, दोन्ही चित्रं दाखवणारा) हवा, नाहीतर चित्र काळंपांढरं दिसतं. क्रोनो ट्रिगरचं पीएस१ रूप मात्र त्यासाठी धडपडण्याच्या लायकीचं नाही. मेनू उघडायला लोडिंग, लढाई सुरू व्हायला लोडिंग. १९९५ च्या मूळ गेमचा जीवच त्याच्या चपळपणात आहे आणि तोच इथे हरवतो. २००८ ची निंटेंडो डीएसवरची आवृत्ती कितीतरी सरस आहे, आणि झाकण मिटलं की गेम जिथल्या तिथे थांबतो.

मेमरी कार्डाबद्दल नीट सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त गेम इथे बुडतात. पीएस१ चा गेम पीएस२ च्या ८ एमबी कार्डावर थेट सेव्ह होत नाही. त्याला पीएस१ चंच कार्ड लागतं, ज्यात १५ ब्लॉक असतात. फायनल फँटसी ७ चा एक सेव्ह म्हणजे एक ब्लॉक. पीएस१ कार्डावरचा सेव्ह ब्राउझरमधून पीएस२ च्या कार्डावर कॉपी करून ठेवता येतो. तिथून खेळता येत नाही, पण बॅकअप म्हणून उत्तम. ३२ किंवा ६४ एमबी लिहिलेली नकली कार्डं टाळा. पहिले काही आठवडे नीट चालतात, भरत आली की सेव्ह खराब होऊ लागतात. सेव्ह होत असतानाच लाईट गेली तर तो सेव्ह जातो, म्हणून एकाच जागी कधीही सेव्ह करू नये. दोन जागा आलटूनपालटून वापराव्यात आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्या कार्डावर कॉपी घ्यावी.

विजेचा बंदोबस्त. घरात इन्व्हर्टर आहे म्हणजे काम झालं, असं नाही. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर बॅटरीवर जायला जो क्षण घेतो, तेवढ्यात कन्सोल रीसेट होतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावलं की बदल इतका झटकन होतो की गेमला कळतही नाही. पण यूपीएस मोडला व्होल्टेज साधारण १८० च्या वर लागतं. खेड्यात शेताचे पंप चालू असताना व्होल्टेज उतरतं, मग इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जातो आणि बॅटरी संपवतो. अशा घरात कॉम्प्युटरचा वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस बरा. स्लिम आणि २१ इंची सीआरटी (जुना काचेच्या नळीचा टीव्ही) मिळून साधारण १०० वॅट धरा. यूपीएसची बॅटरी नवी असेल तर १५ मिनिटं मिळतात. टीव्ही त्यावर आधीपासूनच चालू असावा, कारण सीआरटी सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते आणि दमलेला यूपीएस तिथेच बसतो.

या १५ मिनिटांत सेव्ह पॉइंट गाठता येतो का, इथे गेम वेगळे होतात.

फायनल फँटसी ७ जगाच्या नकाशावर कुठेही सेव्ह करू देतो, त्यामुळे निर्धास्त. शेवटच्या नॉर्थ क्रेटरमध्ये एकच सेव्ह क्रिस्टल मिळतो आणि तो एकदाच ठेवता येतो. तळाशी ठेवला तर शेवटच्या लढाईआधी उपयोगी पडतो, हे खरं. पण लाईटचा भरवसा नसेल तर वाट फुटते तिथे ठेवणं जास्त शहाणपणाचं, कारण खालची प्रत्येक वाट फिरून बघण्यासारखी आहे.

‘ड्रॅगन क्वेस्ट ८’ मध्ये चर्चमध्ये जाऊन सेव्ह करावा लागतो. हा गेम मरणाऱ्यावर दयाळू आहे: सगळे पडले तरी जवळचं निम्मं सोनं जातं, अनुभवाचे गुण राहतात. लाईट गेल्यावर मात्र ही दया नाही, सगळंच जातं. म्हणून निम्मं सोनं बँकेत आणि ‘इव्हॅक’ व ‘झूम’ या जादूंना पुरेल इतका एमपी (जादूची शक्ती) कायम राखून ठेवावा. गुहेतून इव्हॅकने बाहेर, झूमने गावात, चर्चमध्ये सेव्ह. यूपीएसच्या वेळेत हे आरामात बसतं. पहिल्यांदाच आरपीजी खेळणाऱ्याला याहून चांगली सुरुवात नाही.

‘फायनल फँटसी १०’ (२००१) वर थोडं थांबायला हवं. सेव्ह स्फिअर भरपूर आहेत आणि स्पर्श केला की एचपी (जीवनशक्ती) आणि एमपी भरून देतात. पण कथेची दृश्यं पुढे ढकलता येत नाहीत. युनालेस्का या शत्रूशी लढाई तीन रूपांत चालते. दुसऱ्या रूपात ती तुमच्या माणसांना झाँबी करते, आणि झाँबी असलेल्यावर बरं करणारी जादू उलटी पडते. म्हणून नवखा माणूस ताबडतोब होली वॉटर वापरून सगळ्यांची झाँबी अवस्था काढतो. तिसऱ्या रूपाचा मेगा डेथ आला की तेच सगळे मरतात. त्या वाराआधी निदान एक-दोघांना झाँबीच राहू द्यायचं, ते वाचतात. हे माहीत नसेल तर प्रत्येक हरण्यामागे तीच लांबलचक दृश्यं पुन्हा बघत बसावी लागतात.

आणि पालवाल्यांसाठी खास सूचना. आपल्या डिस्कमध्ये डार्क एऑन (जास्तीचे महाबलाढ्य शत्रू) आहेत, मूळ अमेरिकन डिस्कमध्ये ते नाहीत. अमेरिकन मार्गदर्शक वाचून ‘बेसाइड गावच्या मंदिरातलं बक्षीस शेवटी येऊन घेऊ’ म्हणणारा एअरशिप मिळाल्यावर गावाच्या तोंडावरच डार्क व्हॅलेफोरसमोर उभा राहतो, आणि त्याला ८,००,००० एचपी आहे. म्हणून बेसाइडच्या मंदिरातला डिस्ट्रक्शन स्फिअर (लपलेली पेटी उघडणारा गोळा) पहिल्याच फेरीत वापरून ठेवा. डार्क एऑनच्या बदल्यात पालमध्ये एक्सपर्ट स्फिअर ग्रिड (पात्रांची कौशल्यं वाढवण्याचा पट) मिळतं: सगळी पात्रं मध्याजवळून सुरू होतात आणि कोणाला कुठे न्यायचं हे तुम्ही ठरवता. एकदा खेळून झालेल्याने तेच निवडावं. किमाहरीला चोर बनवायचं की जादूगार, हा विचार करण्यात जी मजा आहे ती साध्या ग्रिडमध्ये नाही.

‘फायनल फँटसी १२’ मध्ये सेव्ह क्रिस्टल एकमेकांच्या जवळ आहेत, फक्त ग्रेट क्रिस्टल नावाच्या भागात नकाशा नसतो, तिथे कागदावर वाट लिहावी. झोडियाक स्पिअर या ताकदवान भाल्याचं रडगाणं जुनंच आहे: लोटाउनमध्ये ओल्ड डालनच्या घरासमोर, राजवाड्याच्या तळघरात, नालबिनाच्या तुरुंगात आणि फॉन कोस्टवर अशा चार पेट्या उघडायच्या नाहीत, तरच नाब्युडिसमध्ये भाला मिळतो. गेममध्ये कोणी याचा इशाराही देत नाही. हे वाईट डिझाइन आहे आणि चाहत्यांनी ते तसंच म्हणावं.

‘फायनल फँटसी ८’ मध्ये शत्रूंची लेव्हल तुमच्याबरोबर वाढते. नुसतं मारत सुटलं तर गेम कठीणच होत जातो. गेममधल्या पत्त्यांच्या डावात पत्ते जिंका, क्वेझाकोट्ल या मदतीला येणाऱ्या प्राण्याच्या ‘कार्ड’ने शत्रूंचे पत्ते करा, पत्त्यांच्या वस्तू आणि वस्तूंच्या जादू करा, प्रत्येकी १०० पर्यंत साठवून जंक्शन करा (पात्राला जोडून त्याची ताकद वाढवा). कमी लेव्हलला हा गेम फुलतो. ‘पर्सोना ३’ आणि ‘४’ मध्ये नायक एकटा पडला तरी गेम ओव्हर होतो, म्हणून हामा आणि मुदो या एका फटक्यात मारणाऱ्या जादूंपासून वाचवणारा पर्सोना (नायकाची लढाऊ शक्ती) कायम लावून ठेवा.

आणि ‘सुइकोडेन २’. १०८ माणसं जमवून एक वाडा उभा करायचा, त्यात आचारी, न्हाणीघरवाला, लिफ्टवाला सगळे येऊन राहतात. पीएस१ वर यापेक्षा जिवंत घर कोणत्याही गेममध्ये नाही, असं ठामपणे वाटतं. लढाया झटपट, सहा जण एकदम, आणि लोडिंग जवळपास नाहीच. पहिल्या भागाचा शेवटचा सेव्ह कार्डावर ठेवा, म्हणजे त्याचा नायक दुसऱ्या भागात भेटतो. क्लाइव्ह या पात्राची गोष्ट मात्र घड्याळाला बांधलेली आहे, तिचा शेवटचा टप्पा सजाह गावात २० तासांच्या आत गाठावा लागतो. मूळ पाल डिस्क दुर्मीळ आणि महाग झाली आहे. मार्च २०२५ मध्ये दोन्ही भागांची एचडी आवृत्ती आली, तीत ऑटोसेव्ह आहे. खानापूरच्या पलीकडे राहणाऱ्याने सरळ तीच घ्यावी.

टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाल करायच्या) गेमला लॅगने, म्हणजे बटण दाबल्याचा परिणाम उशिरा दिसण्याने, फरक पडत नाही, हा गैरसमज आहे. ‘लीजंड ऑफ ड्रॅगून’चे अ‍ॅडिशन, फायनल फँटसीच्या आठव्या भागात गनब्लेडच्या वाराला दाबायचं आर१ बटण, दहाव्यातल्या २०० विजा चुकवणं, सगळं वेळेवर बटण दाबण्यावर आहे. पिवळी केबल एलसीडीला लावली की पीएस१ चं चित्र फाटकं दिसतं आणि बटण उशिरा पोचतं. कॉम्पोनंट केबलने पीएस१ गेम २४०पी (कमी रेषांचं जुनं चित्र) देतात, ते कित्येक एलसीडी घेतच नाहीत. भंगारवाल्याकडचा चालू सीआरटी हाच उपाय. विजांसाठी थंडर प्लेन्सच्या दक्षिण भागातल्या खड्ड्यापाशी जा, तिथे वीज ठरलेल्या जागी पडते.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे वेगळा आहे. घरात मराठी, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी अशी मुलं इंग्रजी वाचतात चांगलं, पण बाराव्या भागाचं किंवा ‘व्हेग्रंट स्टोरी’चं जुन्या धाटणीचं इंग्रजी त्यांना जड जातं. दहावा भाग सोपा, कारण आवाज आणि सबटायटल बरोबर येतात. सातव्याच्या भाषांतरात सरळ व्याकरणाच्या चुका आहेत, वाक्य कळलं नाही तर दोष वाचणाऱ्याचा नसतो.

पावसाळ्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीकडे, डिस्कवर बुरशी धरते. भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी आणि मऊ कापड घेऊन मधून कडेकडे पुसा, गोल कधीच नाही. लेन्सला आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा किंचित ओला बड पुरे. मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवा आणि बंद झाल्यावर सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. ड्युअलशॉक २ मध्ये मेनू आपोआप फिरू लागला, तर कंट्रोलर फेकू नका. आत बटणांच्या फिल्ममागचा फोमचा तुकडा दबलेला असतो. स्क्रू काढा, फोमवर कापडी टेपच्या दोन घड्या चिकटवा, फिल्म पिनांवर नीट बसवा, स्क्रू फार आवळू नका.