कुत्र्यासाठी रेनकोट: पोंचो, फुल सूट, पोटपट्टीवालं जॅकेट की काहीच नको?

कोट बघायच्या आधी तुमच्याकडे पाऊस कसला पडतो ते बघा. मुंबईत वर्षाला २००० मिमीच्या वर, पुणे शहरात साधारण ७०० च्या आसपास, त्यामुळे पुण्याच्या रिपरिपीत जो कोट मस्त चालतो तोच मुंबईच्या आडव्यातिडव्या पावसात दहा मिनिटांत हात टेकतो. आणि दुसरं म्हणजे आपल्याकडचा पाऊस गार नसतो हो. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून लोक आत फ्लीसचं अस्तर लावलेला जाडजूड कोट मागवतात आणि इथे जुलैत २८ डिग्री, वर हवा अशी दमट की दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून गार होतं, आणि दमट हवेत धापा टाकूनही फारसा फरक पडत नाही. त्यामुळे मी तरी कोट बघताना आधी हे बघते की हवा जायला जागा कुठे ठेवलीय, झाकतो किती ते नंतर.

पोंचो

पोळ्याच्या बैलावर झूल टाकतात तसा, पाठीवरून टाकला, गळ्याशी वेल्क्रो लावलं, पोटाखालून पट्टा घेतला, झालं. घालायला अर्धा मिनिट लागत नाही, खालून हवा खेळती राहते, किंमतही बाकीच्यांपेक्षा कमी. ज्या कुत्र्याला अंगावर काही घातलेलं खपत नाही त्याच्यासाठी सुरुवात इथूनच करा. तोटा काय, तर पोट आणि पाय भिजतातच आणि वारा सुटला की मागचं टोक उडून डोक्यावर येतं, मग ते बिचारं आपल्याच कोटाला घाबरून गोल गोल फिरतं. मागच्या पायांत अडकवायला इलॅस्टिकचे लूप दिलेले असतील तर हे होत नाही. लूप नसलेला पोंचो कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

चार पायांचा फुल सूट

फोटोत सगळ्यात गोड हाच दिसतो आणि सगळ्यात जास्त पश्चात्तापही याचाच होतो असं माझं निरीक्षण आहे. चारही पाय एकेक करून आत घालायचे, पाठीवर चेन लावायची, तोवर कुत्रं दाराशी भुंकून सोसायटी जागी करतं. बाही सैल असेल तर डबक्यातलं पाणी आत शिरतं आणि तिथेच साठून राहतं, घट्ट असेल तर पुढच्या पायाच्या काखेत घासून घासून कातडी लाल होते. शिवाय नर कुत्रा असेल तर पोटाखालचा कट कुठपर्यंत आलाय ते नीट बघा, कारण पाय वर करून सू केली की थेट कोटावर, आणि तो वास मग घरभर. मग हा घ्यायचा कुणी? शिह त्झू, ल्हासा, कॉकर असल्या लांब केसांच्या कुत्र्यांना, कारण त्यांचे पोटाखालचे नि पायाचे केस चिखलात माखले की गुंते होतात आणि ते वाळवायला तासभर जातो. त्यांच्यासाठी सूटची कटकट परवडते. बाकीच्यांनी यात पडू नये.

पोटपट्टीवालं जॅकेट

बाह्या नाहीत, पण छाती आणि पोटाखालून रुंद पट्टी येते आणि बाजूला बक्कल किंवा वेल्क्रोने बसते. माझा कौल यालाच. रस्त्यावरचं पाणी वरून जितकं येतं तितकंच खालून उडतं, आणि पोटाखाली केस विरळ असतात त्यामुळे तिथे सतत ओल राहिली की खाज आणि चट्टे सुरू होतात. हे जॅकेट नेमकं तेवढं वाचवतं आणि पाय मोकळे ठेवतं. लांब केसांच्या कुत्र्याला वेल्क्रोपेक्षा बक्कल बरं, वेल्क्रोत केस अडकून ओढले जातात, शिवाय केसांनी भरलेलं वेल्क्रो महिनाभरात चिकटायचंच बंद होतं.

काहीच न घालणं

हाही पर्याय आहे, आणि लॅब, म्हणजे लॅब्राडॉर, असेल तर बहुतेक वेळा हाच. लॅबच्या अंगावर आत दाट लव आणि बाहेर तेलकट केस असतात, ही जातच पाण्यात उडी मारून शिकार उचलून आणायला तयार केलेली, त्याला पावसाचं काय कौतुक. जर्मन शेफर्डलाही आत दाट लव असते, दहा मिनिटांचा फेरा असेल तर तोही तसाच जाऊ दे. फक्त या जाड लवेत आत ओल राहिली तर केसांच्या बुडाशी ओले जखमी चट्टे उठतात, म्हणून कोटाचे पैसे वाचवा आणि त्यात दोन चांगले मायक्रोफायबरचे टॉवेल घ्या. अंगाभोवती गुंडाळायचा टॉवेलचा कोटही मिळतो, तो घालून अर्धा तास बसवलं की बरंचसं पाणी शोषलं जातं, सोफा वाचतो.

कापडाचं थोडं सांगते कारण दुकानदार सगळ्यालाच 'वॉटरप्रूफ आहे मॅडम' म्हणतो. पीव्हीसीतून पाणी अजिबात जात नाही पण हवाही जात नाही, आणि घडी पडते तिथे काही दिवसांनी तडकतं. पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचं नायलॉन किंवा पॉलिएस्टर हलकं असतं, आवाजही कमी, मात्र ओलसर कपाटात कोंबून ठेवलं तर आतलं कोटिंग चिकट होऊन पापुद्रे निघतात, कोकणात आणि मुंबईत तर हमखास. धुवून सावलीत उलटं टांगायचं, पूर्ण वाळल्यावरच ठेवायचं. लेबलवर २००० मिमी, ५००० मिमी असे आकडे दिसतील, कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी झिरपत नाही असा त्याचा अर्थ. रिपरिपीला २००० पुरतं, कोकण-मुंबईच्या झडीला ५००० च्या पुढचं बघा. आणि आकडा कितीही असू दे, कोट उलटा करून शिवणीवर आतून टेप लावलीय का बघा, नसेल तर सुईच्या भोकांतून पाणी येणारच.

माप हा खरा घोळ. साइजवर एम, एल लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ नाही, एका कंपनीचा एम दुसरीचा एस निघतो. कुत्रं उभं असताना तीन मापं घ्या: मानेच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंत पाठ, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर, आणि गळा. पट्ट्याखाली दोन बोटं आरामात गेली पाहिजेत. पाठ आणि छाती वेगवेगळ्या साइजमध्ये येत असेल तर छातीच्या मापाचा घ्या. कारवान हाउंडसारखं कुत्रं असेल, म्हणजे छाती खोल आणि कंबर एवढीशी, तर तयार कोट बसायची आशा सोडा, कमरेपाशी ॲडजस्ट होणारे पट्टे असलेला घ्या नाहीतर ओळखीच्या शिंप्याकडून आवळून घ्या. डॅशहंडला उलट, पाठ लांब आणि पोट जमिनीला टेकलेलं, त्याला पोंचो निरुपयोगी, पोटपट्टी हवीच. पगला छातीत सैल आणि गळ्याशी मोकळं, त्याला आधीच श्वास पुरत नाही. आपल्या गावठीला पोटपट्टीचं जॅकेट छान बसतं, हुडी मात्र नको, उभ्या कानांवर ती राहतच नाही आणि बाजूचं दिसायचं बंद झालं की तो चिडतो.

हार्नेस वापरत असाल तर पाठीवर लीशचं भोक आहे का आणि ते हार्नेसच्या कडीवरच येतंय का तेही बघा. ते नसलं की कोट वर गोळा होतो आणि सगळं पाणी मानेतून आत. रंग पिवळा किंवा भगवा, चमकपट्टी दोन्ही बाजूंना, संध्याकाळच्या पावसात रिक्षावाल्याला काळं कुत्रं दिसत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका, कोट घातला म्हणजे लेप्टोपासून (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) वाचला असं नाही. तो उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून येतो, पायाच्या चिरांतून, तोंडातून. त्याला दरवर्षीची लस आणि घरी आल्यावर पाय धुवून बोटांच्या मधे कोरडं करणं, एवढंच.

कोट आला की लगेच पावसात नेऊ नका. टॅग न काढता घरात घाला, खाऊ द्या, पाच मिनिटं हिंडू द्या, बसतोय का, जिना चढतोय का, पाय वर करताना अडतंय का बघा. पुतळ्यासारखा थिजून उभा राहिला तर दुसऱ्या दिवशी परत एकदा, तरीही तेच असेल तर रिटर्नची मुदत जायच्या आत परत पाठवा आणि पोंचो मागवा.