जावयाच्या आडनावाची फ्रेम: 'मिलर'चा पानभर इतिहास विकत घ्यावा का?

बडोद्यातल्या मराठी घरांत धोंड्याच्या महिन्याच्या वाणात हल्ली एक नवी वस्तू शिरली आहे. जावई अमेरिकेतला, आडनाव मिलर नाहीतर स्नायडर. चांदीचं निरांजन त्याला द्यायचं तर आधी ते कशासाठी असतं हे समजावून सांगा. त्यापेक्षा त्याच्या आडनावाचा इतिहास छापलेली फ्रेम द्यावी, असा विचार होतो. ऑनलाइन नाव टाइप करायचं, पैसे भरायचे, आठवड्याभरात कुरिअर दारात. हा आढावा अशाच एका फ्रेमचा: ए-३ माप, आडनाव 'मिलर', सोबत काही पानांचा अहवाल. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण असा माल विकणारे बरेच आहेत आणि साचा सगळ्यांचा जवळपास एकच.

आधी जे बरं आहे ते. कागद जाड आहे, छपाई स्वच्छ आहे, मागची पाठ नीट बसवली आहे. पुढे काच आहे, आणि ही वस्तू चेक-इन बॅगेतून न्यू जर्सीला जायची असेल तर तेच चुकीचं. काचेऐवजी अॅक्रिलिक मागा, नाहीतर फ्रेम इथेच ठेवून नुसता कागद नळकांड्यातून पाठवा. दांडिया बाजारातला कुठलाही चांगला फ्रेमवाला जे करून देईल त्यापेक्षा कारागिरी कमी नाही, जास्तही नाही.

आता मजकूर. व्युत्पत्तीचा परिच्छेद बरोबर आहे. मिलर म्हणजे पिठाची चक्की चालवणारा. जर्मन रूप म्युलर, मूळ लॅटिन 'मोलिनारियस'. जर्मनीत आज सर्वांत जास्त आढळणारं आडनाव हेच. मध्ययुगात गावोगाव पाणचक्की असे, आणि पुष्कळ ठिकाणी रयतेने जमीनदाराच्याच चक्कीवर दळायचं अशी सक्ती असे. म्हणजे प्रत्येक पंचक्रोशीत एक तरी म्युलर, आणि या म्युलरचं त्या म्युलरशी नातं असायचं काही कारण नाही. आपल्याकडे जातं घरात आणि दळणारी घरचीच, म्हणून सुतार, पोतदार, कुलकर्णी झाले. चक्कीवरून पडलेलं आडनाव ऐकिवात नाही.

गडबड होते ती यानंतरच्या वाक्यात: 'अमेरिकेत आल्यावर म्युलरचं मिलर झालं.' काहींचं झालं, हे खरं. मिलवॉकीत १८५५ साली बिअरचा कारखाना घेणारा फ्रेडरिक मिलर हा वुर्टेंबर्गमधल्या रीडलिंगनचा, जन्माने फ्रीडरिश म्युलर. पण दक्षिण जर्मनीत, स्वाबिया-बव्हेरियाकडे, 'मिलर' हे रूप मुळातच आहे. तिकडच्या बोलीत 'यु'चा उच्चार 'इ'कडे झुकतो. म्युनिकचं डॉइचेस म्युझियम उभं करणारा ऑस्कर फॉन मिलर कधी अमेरिकन झाला नव्हता, तरी मिलरच. उत्तरेकडे तेच आडनाव म्योलर होतं. शिवाय इंग्लंड-स्कॉटलंडमधले मिलर आणि मिलार वेगळेच, त्यांचा जर्मनीशी संबंध नाही. म्हणजे जावई मिलर आहे यावरून तो जर्मन वंशाचा आहे हेसुद्धा ठरत नाही. अहवालात याबद्दल एक ओळ नाही, आणि आमच्या मते सगळ्यात मोठी उणीव हीच.

आकड्यांचं पान पाहू. '११,६१,४३७ मिलर' असा ठळक आकडा छापला आहे. आकडा खरा आहे, अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेतला. स्मिथ, जॉन्सन, विल्यम्स, ब्राउन, जोन्स आणि गार्सिया यांच्यानंतर सातवा क्रमांक. २००० साली तो सहावा होता. मधल्या दहा वर्षांत गार्सिया पुढे गेला. पण अहवालाने या आकड्याखाली 'जर्मन वारशाचे अमेरिकन' असं लिहिलं आहे, ते चूक. जनगणनेची ही फाइल फक्त नावाचं स्पेलिंग मोजते, मूळ नाही. त्याच फाइलमध्ये वंशाचे रकाने आहेत आणि त्यांत दहातला साधारण एक मिलर कृष्णवर्णीय दिसतो. गुलामगिरीच्या काळातून आलेली आडनावं जर्मन वारशात मोजली, तर त्या हिशेबाला अर्थ उरत नाही. जर्मन वंशाचा आकडा हवा असेल तर तो वेगळ्या प्रश्नातून येतो: लोकांनी स्वतः सांगितलेलं मूळ. २०२० च्या जनगणनेत तो सुमारे साडेचार कोटी आहे.

ही फाइल सेन्सस ब्युरोच्या साइटवर फुकट मिळते. स्प्रेडशीटमध्ये उघडली की क्रमांक, संख्या आणि लाखामागे किती, हे रकाने समोर येतात. मिलर लाखामागे ३९४. बडोदेकरांना तोलायला सोपं माप हवं असेल तर पटेल पाहा: २,२९,९७३, क्रमांक ९५, लाखामागे ७८. एक खाच लक्षात ठेवा: शंभरपेक्षा कमी लोकांचं आडनाव या फाइलमध्ये नसतंच. दुर्मीळ जर्मन आडनाव तिथे सापडलं नाही तर 'अमेरिकेत हे घराणं संपलं' असं कुणी छापून दिलं तरी मानू नका.

फ्रेममधला नकाशा रंगीत आणि निरुपयोगी आहे. राज्यांना रंग संख्येप्रमाणे दिले आहेत, त्यामुळे कॅलिफोर्निया आणि टेक्सास गडद. लोकसंख्याच तिथे जास्त, कुठलंही आडनाव घाला, तेच गडद होणार. नकाशा लाखामागे असेल तरच घ्या. तेव्हा पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना असा पट्टा पुढे येतो. ओहायोतल्या होम्स काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) आमिश वस्तीत, म्हणजे जुन्या रीतीने राहणाऱ्या जर्मन मूळच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत, तर मिलर इतके, की कुठला मिलर हे सांगायला टोपणनाव लागतं.

आणि मधोमध ती ढाल, वर शिरस्त्राण, दोन सिंह. खाली 'मिलर घराण्याचं कुलचिन्ह'. युरोपात कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं. जर्मनीत सरदारांखेरीज शहरातले व्यापारी-कारागीरही ते घेत, म्हणून अनेक म्युलरांची अनेक कुलचिन्हं नोंदलेली सापडतात. त्यातलं एक उचलून सगळ्या मिलरांना विकायचं म्हणजे गायकवाड सरकारांचं निशाण प्रत्येक गायकवाडाच्या दारावर लावण्यातला प्रकार. शोभेची वस्तू म्हणून ठीक, पण त्याखाली 'प्रमाणित' हा शब्द नको होता.

अहवालातली आणखी एक ओळ वाचली की लिहिणाऱ्याने काम किती केलंय ते कळतं: 'एलिस बेटावरच्या अधिकाऱ्याने नाव बदललं.' एलिस बेट म्हणजे न्यूयॉर्क बंदरात स्थलांतरितांची तपासणी होई ती जागा. तिथलं केंद्र उघडलं १ जानेवारी १८९२ ला. फ्रेडरिक मिलर पोहोचला १८५४ मध्ये, पेनसिल्व्हेनियातले जर्मन तर १६८३ पासून येत होते. आणि १८९२ नंतरसुद्धा बेटावरचा कारकून नाव नव्याने लिहीत नसे. युरोपात जहाज सुटतानाच केलेली यादी तो पडताळत असे. नावं बदलली ती नंतर, शाळेत, चर्चच्या वहीत, पगारपत्रकावर आणि पहिल्या महायुद्धात, जर्मन नाव अंगावर येऊ लागलं तेव्हा.

हे आपल्याला नवं नाही. गायकवाडांचं नाव जुन्या इंग्रजी कागदांत शेवटी 'डी'ऐवजी 'आर' लावून येतं, ग्वाल्हेरचे शिंदे तर कायमचे सिंधिया झाले. कुणा अधिकाऱ्याने एका दिवसात ते केलं नाही. ज्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं.

स्पेलिंगचा हा घोळ सोडवायला साउंडेक्स नावाची जुनी युक्ती आहे, १९१८ साली पेटंट झालेली, आणि आजही वंशावळीच्या कामात उपयोगी. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे, एच आणि डब्ल्यू गाळायचे, बाकीच्यांना अंक: बी-एफ-पी-व्ही १, सी-जी-के-एस-झेड वगैरे २, डी-टी ३, एल ४, एम-एन ५, आर ६. लागून एकच अंक आला तर एकदाच धरायचा, तीन अंक झाले की थांबायचं, कमी पडले तर शून्य. मिलर आणि म्युलर दोन्ही एम-४६०, काम सोपं. आयझेनहाउअर आणि अमेरिकेतलं आयझेनहॉवर दोन्ही ई-२५६. पण पहिलं अक्षर बदललं की युक्ती आंधळी होते: जर्मन क्युस्टर के-२३६, त्याचं अमेरिकन रूप कस्टर सी-२३६, दोघं एकमेकांना सापडत नाहीत. गायकवाडांचंही तसंच: शेवटी 'डी' असेल तर जी-२३०, 'आर' असेल तर जी-२६०. आणि उलटी गंमत म्हणजे श्मिट, स्मिथ, शिंदे आणि सिंधिया या चौघांचा कोड एकच, एस-५३०! म्हणून कोड जुळला म्हणजे नातं जुळलं असं धरू नये. नावाचं भाषांतर झालं असेल, झिमरमनचा कार्पेंटर किंवा श्वार्त्सचा ब्लॅक, तर कुठलाच कोड कामाचा नाही.

फ्रेमला अडीच हजारांच्या घरात पैसे जातात. त्याऐवजी चार संध्याकाळी खर्च करायची तयारी असेल तर फॅमिलीसर्च या वंशावळीच्या नोंदींच्या साइटवर खातं उघडा. ते फुकट आहे. काही नोंदींची चित्रं मात्र फक्त त्यांच्या केंद्रांतच उघडतात, ती जावयाला तिकडूनच पाहू द्या. त्याच्या घरून तीन गोष्टी विचारून घ्या: आजोबा-पणजोबांचं पूर्ण नाव, काउंटी आणि पंथ. पंथ फार महत्त्वाचा, कारण जर्मनीतल्या जुन्या नोंदी चर्चच्या वह्यांत आहेत. संपूर्ण जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंद १८७६ पासून सुरू झाली. प्रोटेस्टंट वह्या बऱ्याचशा आर्कियन या पैसे घेणाऱ्या साइटवर, कॅथलिक वह्या बऱ्याचशा मात्रिकुलावर विनामूल्य.

आजकडून मागे जायचं, उलट नाही. १९५० ची अमेरिकन जनगणना १ एप्रिल २०२२ ला खुली झाली, तिथून सुरुवात करा. १९०० ची सोन्यासारखी आहे: जन्माचा महिना आणि वर्ष, देशात आल्याचं वर्ष, सगळं एका ओळीत. १८९० ची शोधत बसू नका. १९२१ च्या आगीनंतर ती जवळजवळ उरलीच नाही. तिथे वीस वर्षांची जी उडी पडते, तिच्यात लोक हमखास चुकतात आणि शेजारच्या काउंटीतला दुसराच मिलर पकडून आणतात. त्यात घोळ वाढवायला जर्मन प्रोटेस्टंट घरांत मुलांची नावं योहान गेओर्ग, योहान पेटर, योहान याकोब अशी; हाक मारायचं नाव दुसरं. नुसता 'जॉन मिलर' धरलात तर पाच भाऊ एकाच माणसात कोंबले जातात.

पुढची अडचण गावाच्या नावाची. 'जर्मनी' एवढ्यावर चर्चची वही सापडत नाही. नागरिकत्वाचे कागद सप्टेंबर १९०६ नंतरचे असतील तर जन्मगाव बहुधा असतं, आधीच्यांत बहुतेक वेळा फक्त देश किंवा राजाचं नाव. हॅम्बुर्गहून सुटलेल्या जहाजांच्या १८५० ते १९३४ च्या याद्या आहेत आणि त्यांत राहतं गाव लिहिलेलं असतं. ब्रेमेनच्या एकोणिसाव्या शतकातल्या याद्या जवळपास सगळ्या नष्ट झाल्या आहेत, आणि दक्षिण जर्मनीतले पुष्कळ लोक नेमके ब्रेमेनहून गेले. अठराव्या शतकात आलेल्यांसाठी फिलाडेल्फियाच्या १७२७ पासूनच्या, उतरल्यावर घेतलेल्या राजनिष्ठेच्या शपथेच्या याद्या आहेत. त्यांत इंग्रज कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेलं नाव एकीकडे, आणि ज्याला लिहिता येत होतं त्याने स्वतः जर्मन लिपीत केलेली सही दुसरीकडे.

ती लिपी म्हणजे कुरेंट. तिच्यात 'यू' आणि 'एन' अगदी सारखे दिसतात, म्हणून 'यू'वर एक छोटी कमान काढत. न जाणणारा ती कमान म्हणजे म्युलरमधल्या 'यू'वरची दोन टिंबं (उच्चार बदलणारी जर्मन खूण) समजतो, किंवा टिंबं आहेत तिथे नुसती कमान वाचतो. दुसरी फसगत बायकांच्या नावांत: वहीत 'म्युलरिन' दिसलं की ते वेगळं आडनाव नव्हे, म्युलरांची बाई, जशी पाटलांची पाटलीण. ऑनलाइन शोधात हेही रूप टाकून पाहायचं.

तर फ्रेम घ्यायचीच असेल तर विक्रेत्याला आधी विचारा: नकाशा लाखामागे आहे का, ढाल काढून टाकता येते का, आणि मजकुरात आपण दिलेला परिच्छेद घालाल का. तिन्हींना 'नाही' आलं तर नुसती फ्रेम घ्या आणि आत जहाजाच्या यादीतलं ते एक पान छापून बसवा, त्याच्या पूर्वजाच्या सहीसकट. छापायला देताना 'म्युलर'वरची दोन टिंबं फॉन्टमध्ये उमटतात का ते स्क्रीनवर नाही, कागदावर पाहून घ्या. साध्या डिझाइन फॉन्टमध्ये ती सर्रास गळतात.